मातीत डाळीइतकं मीठ

अमिषाचं लग्न झालं ते साल दोन हजार तेवीस. लग्न वैशाखातलं, पण साखरपुडा मार्गशीर्षात उरकला होता. त्या साखरपुड्याच्या पंगतीतच नवरीच्या धाकट्या बहिणीने, भाविकाने, हात धुता धुता सगळ्या भावकीला ऐकू जाईल असं सांगून टाकलं, "मांडवातली मडकी मी करणार!"

पोरींचा आजा दयाराम तेव्हा भातावर वरण वाढून घेत होता. त्याचा हात थबकला आणि वरण पत्रावळीबाहेर गेलं.

बोलणं साधं नव्हतं. त्यांच्या खाडीकाठच्या गावात मांडवाच्या चार कोपऱ्यांना पाच-पाच मडक्यांची उतरंड लावतात, मोठं खाली, लहान वर. वीस मडकी. त्यांची माती गावच्या शिवेतली लागते, आणि लग्न लागेपर्यंत एकालाही तडा जाऊन चालत नाही. पूर्वी पेणकडचा गुणाजी कुंभार यायचा, गावची टोपलीभर माती नेऊन आपल्या मातीत मिसळायचा आणि लग्नाच्या आठ दिवस आधी मडकी पोचती करायचा. मग गुणाजीचे हात कापायला लागले, त्याने चाक उचलून माळ्यावर टाकलं. तेव्हापासून गावची लग्नं बाजारच्या रंगवलेल्या मडक्यांवर चालली होती. आदल्या साली तर एका मांडवात प्लास्टिकची उतरंड लागली. ती वाऱ्याने उडाली आणि थेट नवऱ्याच्या मामाच्या ताटात जाऊन बसली.

"तू करशील?" ठमाबाईने विचारलं. ठमाबाई गावची धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाऊन विधी लावणारी. तिने हो म्हटल्याशिवाय गावात कुणाची हळद लागत नाही. "मांडवात एक जरी मडकं फुटलं ना पोरी, तर मी तोंड मिटून घरी जाईन. आताच सांगून ठेवते."

"न्हाय फुटणार, आजी."

"आणि फुटलं तर?"

भाविकाचा बाप दिपेश हीच संधी बघत होता. त्याचे दोन ट्रेलर न्हावा शेव्याच्या बंदरात चालतात. तो म्हणाला, "फुटलं तर भट्टी उचलायची आणि कोठार मना द्यायचं. माजे टायर पावसात भिजतात. आणि बंदरातल्या हापिसात तुज्यासाठी खुर्ची बघून ठेवलीय, त्या खुर्चीवर बसायचं."

"चालेल," भाविका म्हणाली. "आणि न्हाय फुटलं तर कोठार माजं. परत टायरचं नाव काढायचं न्हाय."

सगळी पंगत हसली. दयाराम मात्र हसला नाही, कारण ते कोठार त्याचं होतं आणि त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

कोठार मिठाचं. दयारामने चाळीस वर्षं मिठागरात काढली. मिठागर बंद पडून नऊ वर्षं झाली होती. कोंड्यांमध्ये, म्हणजे मीठ पिकवायच्या वाफ्यांमध्ये, आता नुसती चिंबोरी फिरायची. मुंबईच्या कॉलेजात चार वर्षं मातीकाम शिकून भाविका घरी आली ती एक जुनी विजेची भट्टी घेऊनच. चाळीस फुटी डबे ओढणाऱ्या ट्रेलरवर भाताच्या कणगीएवढी भट्टी एकटीच बसून गावात शिरली, तेव्हा माणसं घराबाहेर येऊन बघत होती. येसूबाईने, म्हणजे दयारामच्या बायकोने, तिला ओवाळलंसुद्धा. "घरात पयल्यांदा आली हाय," ती म्हणाली. "कोण का असंना."

पौषातल्या एका रविवारी भाविकाने गावातल्या बायकांना कोठारात बोलावलं. 'मातीची ओळख' असं फळ्यावर लिहिलं. आठ-दहा बायका आल्या, दयाराम पालथ्या टोपलीवर मागे जाऊन बसला. जन्मभर मातीत उभा राहिलेल्या माणसाला मातीची ओळख करून देणार म्हणजे काय, हे त्याला बघायचं होतं.

भाविकाने दोन वाट्या घेतल्या. एक नुसती वाळवलेली, एक भाजलेली. दोन्ही पाण्याच्या बादलीत सोडल्या. कच्ची वाटी आधी बुडबुडे सोडत बसली, मग तिच्या कडा ढासळल्या, आणि बायकांचा चहा पिऊन होईतो तिचा चिखल झाला. भाजलेली वाटी होती तशी.

"माती कितीही वाळवली तरी पाणी लागलं की तिचा परत चिखल होतो," भाविका म्हणाली. "पण मातीच्या पोटात आणखी एक पाणी असतं, डोळ्याला न दिसणारं. भट्टीत सहाशेच्या वर गेलं की तेही निघून जातं. मग ती माती परत कधी चिखल होत न्हाय. हजार वर्षांनी खणून काढलं तरी खापर ते खापरच."

"बाईसारखं हाय," येसूबाई म्हणाली. "एकदा लग्न झालं की परत पोर होता येत न्हाय."

"म्हणूनच आजी, सावकाश भाजावं लागतं. घाई केली की फुटतं."

"बघा, कशी बोलली!" येसूबाई बायकांकडे वळून म्हणाली. "अमिषाचं झालं की हिला विचारणार होते, तर हिने भट्टीलाच मधे घातलं."

भाविकाने मग माती कशी मळायची ते दाखवलं. आत हवेचा बुडबुडा राहिला तर भाजताना तोच घात करतो. भांडं उन्हात नाही, सावलीत वाळवायचं, नाहीतर एक बाजू आधी आखडते आणि चीर पडते. थोडं सुकून चामड्यासारखं झालं की तेव्हाच त्याला कान किंवा कड लावायची. त्याच्या आधी लावली तर ओघळते, नंतर लावली तर धरत नाही. दयारामला हे ऐकताना मजा वाटू लागली. कोंडीचा तळ करताना हेच होतं. चिखल पायांनी तुडवायचा, तुडवून तुडवून असा बसवायचा की वरचं पाणी खाली एक थेंब जाऊ नये. कधी थांबायचं ते टाचेला कळायचं.

"आजा, गप का?" भाविकाने विचारलं.

"मना येतंय हे," तो म्हणाला. "फक्त मी पायांनी करत होतो."

"मग पाय द्या ना मला. वीस मडक्यांची माती कोण तुडवणार?"

असा दयाराम कामाला लागला. माती जुन्या कोंडीतली घ्यायची ठरली, कारण शिवेतली त्याहून चांगली माती कुठली? बारीक, लोण्यासारखी. एक अडचण होती. त्या मातीत मीठ मुरलेलं. भाविका म्हणाली, "मीठ राहिलं तर भाजल्यावर वर पांढरं येतं, आजा. गोड्या पाण्यात दोनदा धुऊन घ्यायची. पाणी घालायचं, ढवळायचं, माती खाली बसली की वरचं पाणी ओतून टाकायचं. दोनदा."

ते काम दयारामने अंगावर घेतलं आणि तिथेच चुकला.

चूक त्याच्या मनातली जुनी होती. खाऱ्या गावाला मुलगी द्यायला लोक नाक मुरडायचे. खारं पाणी, खारी जमीन, सून जन्मभर हंडा घेऊन गोड्या पाण्यामागे धावणार, असं म्हणायचे. येसूबाईच्या बापानेही होकार द्यायला दोन वर्षं लावली होती. अमिषाचं सासर तर आतल्या भातशेतीच्या गावातलं, दारात विहीर असलेलं. त्या लोकांसमोर मांडवात मडकी उभी राहणार आणि त्यावर मीठ फुलून येणार? दयारामला ते बघवलं नसतं.

त्याच्याकडे हत्यार होतं, त्याची जीभ. मिठागरात कोंडीतलं पाणी मीठ धरायला आलं की नाही, हे तो बोट बुडवून जिभेला लावून सांगायचा. आता तीच जीभ त्याने मीठ हुसकायला लावली. माती दोनदा धुतली, वरचं पाणी चाखलं, अजून खारट. तिसऱ्यांदा धुतली. चौथ्यांदा. एक दिवसाआड येणाऱ्या टँकरचं पाणी तो रांगेत पहिला उभा राहून भरायचा आणि थेट मातीत ओतायचा. येसूबाई ओरडायची, "अवो, घरात चहाला पाणी न्हाय आणि तुम्ही चिखलाला आंघोळ घालताय!" सातव्यांदा धुतल्यावर पाणी जिभेला पाण्यासारखं लागलं. तेव्हा कुठे त्याने हात पुसले. भाविकाने विचारलं तर म्हणाला, "धुतली ना, तू सांगितलीस तशी."

भाविकाने दोन आठवडे चाकावर बसून चोवीस मडकी केली, चार जास्तीची. शेवटच्या दिवशी म्हणाली, "आजा, तुम्ही एक करा, आठवण म्हणून." ती धुतलेली माती त्याने स्वतःच्या खेळासाठी वापरली नाही. इतकं गोडं पाणी खाल्लेली माती, ती मांडवाचीच. त्याने बाहेर जाऊन कोंडीच्या कडेचा ओंजळभर चिखल उचलला, न धुतलेला, आणि हाताने एक मडकं वळलं. ते म्हशीच्या खुरासारखं झालं. अमिषा हसून हसून खाली बसली.

"हे माज्या सासरी पाठवू नका," ती म्हणाली. "ते म्हशीला शोधायला येतील."

भाविकाने ते खूरही भट्टीच्या एका कोपऱ्यात सरकवलं.

फाल्गुनात भट्टी लागली. नऊशेच्या वर तापली, दीड दिवस निवत राहिली, आणि उघडली तेव्हा आत चोवीस मडकी लालबुंद बसलेली. ठमाबाईने एकेकावर बोटाचं पेर मारलं. मडकी टणटण वाजली. "जमलंय बाय तुला," ती म्हणाली. ठमाबाईच्या तोंडून एवढं येणं म्हणजे पुष्कळ. खुरावर मात्र पांढरी साय आली होती. दयारामने ते उचलून दाराआड ठेवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो कोठारात पडला होता. टिक, असा आवाज आला. पाल असेल, त्याला वाटलं. थोड्या वेळाने परत टिक. मग पाठोपाठ दोनदा. दयाराम उठून फळीपाशी गेला. खाली जमिनीवर बताशाएवढी कपची पडलेली. मोठ्या मडक्याच्या पोटावर तेवढीच खोक पडली होती, आणि खोकेच्या मधोमध पांढरा ठिपका. तो बघत होता तेवढ्यात शेजारच्या मडक्याची कपची उडाली आणि त्याच्या पायावर पडली.

चार दिवसांत चोवीसही मडक्यांना देवी आल्यासारखं झालं. भाविका त्यांच्यासमोर गुडघ्यात डोकं घालून बसली. लग्नाला दोनच महिने उरले होते. दिपेश मोजपट्टी घेऊन कोठाराच्या दारात आला, पोरीकडे बघितलं, आणि मोजपट्टी खिशात घालून परत गेला.

"माती बदल," अमिषा म्हणाली. "बाजारातून पोतं आण. कोणाला कळतंय?"

"मना कळेल," भाविका म्हणाली.

दयारामने नखाने एक पांढरा ठिपका उकरला आणि सवयीने जिभेवर ठेवला. जीभ भाजली. तो थुंकला आणि एकदम ओरडला, "चुना! भावी, हा चुना हाय!"

लहानपणी त्याची आई खाडीतल्या शिंपल्या गोळा करून भाजायची. भाजलेल्या शिंपल्यांवर पाणी मारलं की त्या फुगून फुटायच्या, त्यांचा चुना व्हायचा, आणि दिवाळीला घर पांढरं व्हायचं. खाडीच्या मातीत शिंपल्यांचा चुरा असणारच. भाविकाने माती चाळून घेतली होती, पण रव्याएवढा कण चाळणीतून निसटतो. भट्टीत त्याचा चुना झाला. बाहेर खाडीची दमट हवा. चुन्याने ती हवा पिऊन पोट फुगवलं आणि वरची माती उडवली.

"म्हणजे आपल्या मातीची मडकी होणारच न्हाय," भाविका म्हणाली.

दयाराम दाराकडे वळला आणि त्याची नजर दाराआडच्या खुरावर गेली. त्याने ते उजेडात आणलं. चारी बाजूंनी फिरवून बघितलं. पांढरी साय होती, ती हाताला लागत होती. पण कपची एक उडालेली नव्हती. त्याने ते दगडावर आपटून फोडलं. आत शिंपल्यांचे ठिपके होते, उलट चाळलेलं नसल्यामुळे जास्तच होते. पण सगळे गप बसलेले.

त्याला कळलं. खुराचा तुकडा हातात घेऊन तो भाविकाकडे वळला.

"भावी, तू मना माती किती वेळा धुवायला सांगितलीस?"

"दोनदा."

"मी सात वेळा धुतली."

"सात? कशाला?"

"मीठ राहू नये म्हणून." तो चोरी कबूल केल्यासारखा उभा होता. "तुज्या बहिणीच्या सासरच्यांनी म्हणायला नको, की आमच्या मडक्यांनापण मीठ लागलंय. हे खूर न धुतलेल्या मातीचं हाय. याची एक कपची उडाली न्हाय. मिठाने धरून ठेवलंय, पोरी. आणि मीच ते काढून टाकलं."

भाविकाने कॉलेजची वही काढली आणि पानं उलटत बसली. बऱ्याच वेळाने एका पानाच्या कडेला तिच्याच अक्षरात एक ओळ सापडली : मातीत चुन्याचे कण असतील तर थोडं मीठ मिसळावं, कपच्या उडणं कमी होतं. ओळीखाली तिने चहाच्या कपाचं चित्र काढलं होतं. त्या तासाला तिला झोप येत असावी.

ती हसायला लागली. मग डोळे पुसले, आणि परत हसली. "आजा, चार वर्षं शिकले मी, आणि तुमच्या म्हशीच्या खुराने पास केलं."

पण थोडं म्हणजे किती, ते वहीत नव्हतं. खुरावरची साय खपल्यांनी झडत होती. तेवढं मीठही जास्तच. मग दोघांनी माती चार तऱ्हेची केली. एक न धुतलेली, एक एकदा धुतलेली, एक दोनदा, एक तीनदा. दयारामने प्रत्येकीचं पाणी चाखलं आणि नावं ठेवली. पहिली 'समुद्र', दुसरी 'लोणचं', तिसरी 'डाळ', आणि चौथीला त्याने नाव दिलं 'आजारी माणसाची पेज'. भाविकाने प्रत्येकीच्या वाट्या करून तीच नावं त्यांच्या बुडांवर कोरली. वाट्या भाजल्या, भट्टीतून काढल्या, खाडीच्या वाऱ्यात उघड्यावर ठेवल्या. दयाराम दुपारी त्यांच्या उशाला कान देऊन झोपायचा. एकदा टिक आवाज आला तेव्हा तो ताडकन उठला. ती खरोखर पाल होती. त्याने तिला चप्पल फेकून मारली आणि मग हात जोडले.

दहा दिवसांनी निकाल लागला. पेजेच्या कपच्या उडाल्या. समुद्राला खपल्या आल्या. लोणच्याला खपल्या नव्हत्या, पण वाटी हातात घेतली की बोटं पांढरी व्हायची. डाळ तशीच्या तशी होती. आतून लाल, वर फिकट, तांदळाचं पीठ फासल्यासारखी.

"डाळीइतकं मीठ," दयाराम म्हणाला.

"म्हणजे मी सांगितलं तेच," भाविका म्हणाली. "दोनदा."

"व्हय. पण तुला ते माहीत नव्हतं."

वीस मडकी नव्याने झाली. या खेपेला माती धुताना भाविका शेजारी उभी राहून मोजायची, आणि दुसऱ्या धुण्यानंतर येसूबाई हंडा काढून घ्यायची. मडकी भट्टीतून निघाली आणि लग्नापर्यंत पंधरा दिवस कोठाराच्या ओट्यावर वाऱ्यात बसली. येताजाता प्रत्येकजण कान लावून जायचा. एक कपची उडाली नाही.

मांडवात उतरंडी लागल्या तेव्हा ठमाबाईने वीसच्या वीस मडकी वाजवली. एकदा नाही, दोनदा. नवऱ्याकडची माणसं ताटकळली.

"आजी, घटका टळेल," दिपेश म्हणाला.

"टळू दे. मी वचन दिलंय तोंड मिटायचं, मिटायचं की न्हाय ते बघते." शेवटचं मडकं वाजवून तिने त्यावरून हात फिरवला. "गुणाजीच्या मडक्यांना मना चुना फासायला लागायचा. ही आपली आपण नटून आलीत." आणि तिने असा गळा काढला की मांडवाबाहेर भांडी घासणाऱ्या बायकाही धवल्यात सामील झाल्या.

नवऱ्याच्या चुलत्याने मडकं हातात घेऊन विचारलं, "ही पांढरी झाक कसली हो?"

दयारामने सभोवार बघितलं. मग मान ताठ करून सांगितलं, "मीठ हाय. आमच्या मातीतलं."

"अरे वा," चुलता म्हणाला. "एक आम्हालाही द्या. दारात ठेवू."

दिपेशने पावसाआधी घरामागे पत्रे मारून टायरांची सोय केली. कोठाराचा विषय त्याने परत काढला नाही. उलट ट्रेलरमध्ये काचेपुढे ठेवायला एक लहान मडकं मागून नेलं. ते शेव्याच्या खड्ड्यांतूनही शाबूत राहिलं, हे तो भेटेल त्याला सांगायचा.

त्या दिवाळीनंतर दयाराम एकदा ओट्यावर माती तुडवत असताना भाविकाला म्हणाला, "माजंपण एक मडकं तुलाच करायचं हाय. मसणात खांद्यावरून न्यायचं ते."

"आजा, काहीतरी बोलू नका."

"आयकून घे. त्याची माती सात वेळा धू. तुज्या बापाचा नेम बरोबर न्हाय, एका दगडात भोक पडलं पाहिजे. डाळीचं केलंस तर तो सकाळपासून दगड मारत बसेल आणि मी आपला उन्हात."

भाविका रागावली, मग हसली. येसूबाई आतून म्हणाली, "सात वेळा धुवायला पाणी कोण आणणार, ते पण सांगून जा."

दयाराम चौदा फेब्रुवारी दोन हजार चोवीस रोजी, माघी गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी घरीच वारला. वय अठ्ठ्याहत्तर होतं. मडकं भाविकाने आधीच करून ठेवलं होतं, सात वेळा धुतलेल्या मातीचं, आणि दिपेशचा पहिलाच दगड लागला.